दोन याद्यांमधील निनावी ट्रम्पेट : मुंबईतील जॅझ ध्वनिमुद्रिका आणि संग्राहकाची समीक्षादृष्टी

ध्वनिमुद्रिकांचा संग्रह हा आपल्याकडे छंद समजला जातो. तिकिटे, नाणी, काड्यापेट्या यांच्या रांगेत त्याची गणना होते आणि संगीतसमीक्षेच्या दारात त्याला पायताण काढून बाहेरच थांबावे लागते. मराठीत नाट्यसंगीत व ख्यालगायन यांवर विपुल समीक्षा झाली. परंतु जुन्या तबकड्या जमवणाऱ्या, त्यांचे क्रमांक वहीत उतरवणाऱ्या आणि चार समानधर्मी जमवून त्या ऐकणाऱ्या माणसाला समीक्षकाचा दर्जा क्वचितच मिळाला. जॅझच्या बाबतीत इतिहास नेमका उलटा आहे. तेथे समीक्षाच मुळी संग्राहकांच्या बैठकीत जन्मास आली. या भेदाचा मुंबईत वाजलेल्या जॅझवर काय परिणाम झाला, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

१९३० च्या दशकात युरोपातील जॅझप्रेमींपुढे एक विचित्र अडचण होती. संगीत निर्माण होत होते अमेरिकेत, आणि त्यांच्या हाती येत होती ती केवळ तबकडी. तिच्या लेबलवर वाद्यवृंदाच्या प्रमुखाचे नाव असे, अनेकदा तेही टोपणनाव. आत ट्रम्पेट कोणाचा, क्लॅरिनेट कोणाचा, याचा पत्ता नसे. मग एकच तबकडी पुनःपुन्हा ऐकायची, स्वर लावण्याची ढब, श्वास घेण्याची जागा, विशिष्ट वळण ओळखायचे, दुसऱ्या तबकडीशी ताडून पाहायचे, आणि वाद घालून एका नावावर यायचे, अशी पद्धत रूढ झाली. फ्रान्समधील शार्ल दलोने याने १९३६ मध्ये प्रसिद्ध केलेली ‘हॉट डिस्कोग्राफी’ ही सूची या पद्धतीचे पहिले मोठे फळ होय. पुढे ब्रायन रस्ट याने ही परंपरा प्रचंड प्रमाणावर नेली. वरवर पाहता या सूच्या म्हणजे क्रमांकांचे जंगल. पण त्यातील प्रत्येक वादकाचे नाव हा कोणीतरी कानाने दिलेला निवाडा आहे. आपल्याकडे घराण्याची गायकी डोळे मिटून ओळखणारे जाणकार असतात. फरक इतकाच की जॅझच्या संग्राहकांनी ते ओळखणे कागदावर आणले.

हाच १९३६ चा सन मुंबईच्या दृष्टीनेही महत्त्वाचा आहे. १९३५ च्या अखेरीस लिऑन ॲबी या आफ्रिकी-अमेरिकी व्हायोलिनवादकाचा वाद्यवृंद ताजमहाल हॉटेलात दाखल झाला. त्याच्या पाठोपाठ कॉर्नेटवादक क्रिकेट स्मिथ याने आपला वाद्यवृंद उभारला आणि १९३६ मध्ये रेक्स या लेबलसाठी ‘ताजमहाल’ नावाचा फॉक्सट्रॉट ध्वनिमुद्रित केला. स्मिथ हा सामान्य वादक नव्हता. १९१३-१४ मध्ये जेम्स रीस युरोप यांच्या वाद्यवृंदाने व्हिक्टर कंपनीसाठी केलेल्या ध्वनिमुद्रणांत तो सहभागी होता. म्हणजे ज्या ओरिजिनल डिक्सीलँड जॅझ बँडच्या १९१७ मधील तबकडीपासून जॅझ ध्वनिमुद्रणाचा इतिहास मोजला जातो, तिच्याही आधी त्याचा स्वर मेणावर उमटला होता. असा माणूस अपोलो बंदरावर वाजवत होता. पियानोवादक टेडी वेदरफोर्ड हाही याच काळात मुंबईत आला. १९२० च्या दशकात तो शिकागोत नावारूपाला आला होता, शांघायमध्ये अनेक वर्षे वाजवत राहिला, आणि २५ एप्रिल १९४५ रोजी कोलकात्यात पटकीने गेला. कोलकात्यात त्याने कोलंबिया कंपनीसाठी केलेली ध्वनिमुद्रणे परदेशी सूचीकारांनी कसोशीने नोंदवली आहेत.

येथवर सर्व ठीक आहे. अमेरिकी नावे अमेरिकी-युरोपीय पद्धतीने सूचीबद्ध झाली. प्रश्न उद्भवतो तो या वादकांच्या मांडीला मांडी लावून बसलेल्या, आणि ते गेल्यानंतरही या शहरात वाजवत राहिलेल्या, प्रामुख्याने गोव्याहून आलेल्या वादकांबाबत.

दोन याद्या

ग्रामोफोन कंपन्यांनी भारतात दोन स्वतंत्र बाजारपेठा कल्पिल्या होत्या. एक इंग्रजी नृत्यसंगीताची. हॉटेले, क्लब, जिमखाने यांच्या अवतीभवतीची. दुसरी ‘देशी भाषां’ची, नाटक, भजन, ख्याल आणि पुढे चित्रपट यांची. दोहोंची क्रमांकमालिका वेगळी, सूचीपुस्तिका वेगळी, विक्रेत्याच्या दुकानातील फळीही बहुधा वेगळी. हिंदी चित्रपटगीतांच्या जुन्या तबकड्या जमवणाऱ्यांना हिज मास्टर्स व्हॉइसची ‘एन’ मालिका आणि कोलंबियाची ‘जीई’ मालिका तोंडपाठ असते. त्याच कंपनीच्या त्याच काळातील नृत्यसंगीताच्या मालिकेकडे त्यांचे लक्ष जाण्याचे कारण नसते. कंपनीने व्यापारासाठी घातलेली ही भिंत संग्राहकांनी पुढे रसिकतेची भिंत म्हणून सांभाळली.

भारतीय बाजूची सूची सिद्ध करण्याचे काम मुंबईत झाले आणि ते मोलाचे आहे. १९९० मध्ये स्थापन झालेल्या ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ या संस्थेने संग्राहकांना एकत्र आणले, श्रवणाच्या बैठका घेतल्या आणि ‘द रेकॉर्ड न्यूज’ हे नियतकालिक चालवले. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत कार्यरत असलेले सुरेश चांदवणकर यांनी या कामाची धुरा दीर्घकाळ वाहिली. वडाळ्याच्या कारखान्यात निघालेल्या ‘यंग इंडिया’ लेबलच्या तबकड्यांचे अंकीकरण हाही त्यांच्याच प्रयत्नांचा भाग. ब्रिटिश लायब्ररीच्या धोक्यातील दस्तऐवजांसाठीच्या योजनेतून ते घडले. ऑस्ट्रेलियन सूचीकार मायकेल किनियर यांनी ग्रामोफोन कंपनीच्या १८९९ ते १९०८ या काळातील भारतीय ध्वनिमुद्रणांची सूची १९९४ मध्ये ग्रंथरूपाने दिली. या परंपरेची शिस्त वाखाणण्याजोगी आहे: लेबलाचा रंग, सूचीक्रमांक, लेबलालगतच्या कोऱ्या कडेवर कोरलेला साचाक्रमांक, गायकाचे नाव, राग, चीज. मात्र या रकान्यांत एक रकाना सहसा नसतो. तो म्हणजे साथीदारांचा.

हा दोष सूचीकारांचा म्हणता येणार नाही. लेबलच मुके आहे. भारतीय ध्वनिमुद्रणाच्या आरंभीची परिस्थिती पाहिली म्हणजे हे मौन अधिक खुपते. १९०२ मध्ये कोलकात्यात फ्रेड गैसबर्ग याने गोहर जान यांचे गाणे मुद्रित केले. त्या काळच्या तबकड्यांच्या अखेरीस गायक-गायिका आपले नाव स्वतःच पुकारीत. हॅनोव्हरच्या कारखान्यात लेबल लावणाऱ्याचा घोटाळा होऊ नये, ही त्यामागील व्यावहारिक गरज. कारण काहीही असो, कलावंताचे नाव खुद्द खाचेतच कोरले जाई. त्यानंतर चार-पाच दशकांनी चित्रपटगीतांच्या तबकडीवर काय दिसते? १९४९ च्या ‘महल’मधील लता मंगेशकरांच्या गाजलेल्या गीताच्या मूळ तबकडीवर गायिका म्हणून पात्राचे नाव छापले होते: ‘कामिनी’. गायिकेची ही अवस्था, तर वादकाची काय कथा!

या संदर्भात सी. रामचंद्र यांचे उदाहरण बोलके आहे. नगर जिल्ह्यातील पुणतांब्याचे रामचंद्र नरहर चितळकर हे संगीतकार म्हणून ‘सी. रामचंद्र’ आणि गायक म्हणून ‘चितळकर’. एकाच तबकडीच्या एकाच लेबलवर एका माणसाची दोन नावे झळकत. त्याच तबकडीत ज्याचा ट्रम्पेट गाण्याला पेटवतो, त्या वादकाला मात्र एकही नाव नाही. १९५१ च्या ‘अलबेला’च्या संगीतात सी. रामचंद्रांबरोबर चिक चॉकलेट होते. अँटोनियो झेवियर वाझ हे त्यांचे मूळ नाव. १९१६ मध्ये गोव्यातील हळदोण्यात जन्म, १९६७ मध्ये मृत्यू. मुंबईच्या हॉटेलविश्वात ‘भारताचे लुई आर्मस्ट्राँग’ ही त्यांची ख्याती. ‘अलबेला’त ते आपल्या वादकांसह पडद्यावरही दिसतात. म्हणजे चित्रपट पाहणाऱ्याला त्यांचा चेहरा दिसला. रेकॉर्ड विकत घेणाऱ्याला त्यांचे नाव मिळाले नाही. चिक चॉकलेट यांनी स्वतःच्या वाद्यवृंदासह नृत्यसंगीताच्या तबकड्याही केल्या होत्या. त्या दुसऱ्या यादीत गेल्या. एका संग्राहकाकडे ‘अलबेला’, दुसऱ्याकडे चिकचा वाद्यवृंद; दोघांच्याही कपाटात एकाच माणसाचा श्वास साठवलेला आहे, आणि दोघे एकमेकांच्या बैठकीला जात नाहीत.

गंमत अशी की या दोन याद्यांची भेट पृथ्वीवर नाही तरी पृथ्वीबाहेर झाली आहे. १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर पाठवलेल्या तांब्याच्या सुवर्णलेपित तबकडीवर केसरबाई केरकरांची भैरवी आहे आणि लुई आर्मस्ट्राँगच्या हॉट सेव्हनचे १९२७ मधील वादनही आहे. केरी गावची गायिका आणि न्यू ऑर्लिन्सचा ट्रम्पेटवादक एकाच खाचेत शेजारी बसले. केसरबाई त्याच वर्षी १६ सप्टेंबरला निवर्तल्या.

ग्रंथांची साक्ष

मुंबईच्या जॅझवरील अभ्यास गेल्या दोन दशकांत इंग्रजीत झाला. नरेश फर्नांडिस यांचा ‘ताजमहाल फॉक्सट्रॉट’ (२०१२) हा त्यातील सर्वाधिक वाचला गेलेला ग्रंथ. ताजमधील नृत्यसभागृहापासून चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणगृहापर्यंतचा गोवेकर वादकांचा प्रवास त्यांनी सलगपणे उभा केला, आणि ग्रंथासोबत जुन्या ध्वनिमुद्रणांची सीडी देऊन वाचकाला श्रोता होण्याची संधी दिली. ही दुसरी गोष्ट पहिलीइतकीच महत्त्वाची आहे. तथापि ग्रंथाचा पिंड सामाजिक इतिहासाचा आहे. तबकडी तेथे एका युगाची साक्ष म्हणून येते; तिच्यातील आठ किंवा सोळा मात्रांच्या ट्रम्पेटच्या तुकड्यात नेमके काय घडते, तो तुकडा आर्मस्ट्राँगची नक्कल आहे की त्याहून काही निराळे सांगतो, या प्रश्नाशी ग्रंथ फार काळ थांबत नाही. ग्रेगरी बूथ यांचे ‘बिहाइंड द कर्टन’ (२००८) हे चित्रपटवादकांच्या मुलाखतींवर उभे आहे. वादक, संयोजक, त्यांची रोजंदारी, तालमी यांची इतकी तपशीलवार माहिती अन्यत्र मिळणे कठीण. परंतु मौखिक इतिहासाची अंगभूत मर्यादा येथेही आहे: चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीचे वादन सांगणाऱ्याच्या स्मरणात जसे उरले तसे ते कागदावर येते. त्या स्मरणाची परीक्षा घेऊ शकणारी वस्तू एकच, ती म्हणजे तबकडी.

म्हणजे चित्र असे दिसते की सूचीकारांपाशी क्रमांक आहेत, इतिहासकारांपाशी माणसे आहेत, मुलाखतकारांपाशी आठवणी आहेत. दलोनेच्या पिढीने ज्या एका गोष्टीच्या बळावर हे सारे एकत्र बांधले, तो वारंवार ऐकणारा आणि ऐकलेले लिहून ठेवणारा कान मुंबईच्या तबकड्यांना पुरेसा लाभला नाही. १९५० च्या दशकाच्या आरंभी निरंजन झवेरी व त्यांच्या मित्रांनी ‘ब्लू रिदम’ हे जॅझविषयक मासिक मुंबईत काढले होते. झवेरींच्याच पुढाकाराने १९७८ पासून ‘जॅझ यात्रा’ हा महोत्सव सुरू झाला आणि जगभरचे मोठे वादक या शहरात येऊन गेले. या मंडळींची जाण निःसंशय होती. पण त्यांचा कान समुद्रापलीकडे लागलेला होता. घराच्या मागच्या गल्लीतून जे वाजत होते ते त्यांच्या लेखी ‘फिल्मी’ होते, आणि फिल्मी म्हणजे जॅझ नव्हे. याउलट चित्रपटगीतांचा रसिक त्याच वादनाला ‘म्युझिकचे तुकडे’ म्हणून दोन कडव्यांमधली विश्रांती मानत राहिला. लाहोरात वाद्यवृंद चालवलेले आणि पुढे शंकर-जयकिशन, ओ. पी. नय्यर यांच्या गीतांचे संयोजन करणारे सेबॅस्टियन डिसूझा यांचे कर्तृत्व या दोन उपेक्षांच्या फटीतच दीर्घकाळ पडून राहिले.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. कानाने नाव ठरवण्याची पद्धत जितकी समृद्ध तितकीच निसरडी. एकदा एक नाव प्रसिद्धीस आले की प्रत्येक घोगरा ट्रम्पेट त्याच्याच खाती जमा होतो. जुन्या हिंदी गाण्यांतील प्रत्येक चमकदार ट्रम्पेट चिक चॉकलेट यांचा, अशी समजूत पसरणे ही उपेक्षेइतकीच अन्यायकारक गोष्ट ठरेल, कारण तिच्यामुळे उरलेले वादक दुसऱ्यांदा निनावी होतात. जॅझच्या सूचीकारांनी यावर साधा उपाय काढला होता: खात्री असेल तेथे नाव, तर्क असेल तेथे प्रश्नचिन्ह, काहीच हाती नसेल तेथे ‘अज्ञात’. हे प्रश्नचिन्ह हीच त्यांच्या समीक्षेची खरी कमाई म्हणावी लागेल.

दुर्मीळ म्हणजे काय

संग्राहकांच्या चर्चेत ‘दुर्मीळ’ हा शब्द फार सैल हाताने वापरला जातो. दुर्मीळता ही बहुतांशी व्यापाराची आणि अपघाताची देणगी असते. भारतात ७८ फेऱ्यांच्या तबकड्या १९६० च्या दशकातही निघत होत्या. त्यामुळे बीटल्सची गाणी येथे लाखेच्या तबकडीवर निघाली आणि आज त्या भारतीय प्रतींसाठी परदेशी संग्राहक मोठी किंमत मोजतात. त्या गाण्यांत ऐकायला वेगळे काही नाही. वेगळे आहे ते केवळ द्रव्य. मुंबईतील जॅझची तबकडी दुर्मीळ आहे ती निराळ्या अर्थाने. तिचा ग्राहकवर्ग मुळात लहान, आणि तो स्वातंत्र्यानंतर पांगला. लाखेची तबकडी पडली की फुटते, हा भाग वेगळाच. (ही लाख आपल्याच पळस, बोर, कुसुम या झाडांवरची. अमेरिकेत दाबलेल्या तबकड्यांतही ती असे, आणि १९४२ मध्ये युद्धामुळे तिच्या वापरावर तेथे निर्बंध आले होते. आर्मस्ट्राँगचा स्वर भारतातील किड्याने स्रवलेल्या राळेवर टिकून आहे, याची नोंद जॅझच्या इतिहासात फारशी दिसत नाही.)

तबकडीचे खरे मोल मात्र तिच्या मर्यादेत शोधावे लागते. दहा इंची तबकडीची एक बाजू तीन-सव्वातीन मिनिटांची. अब्दुल करीम खाँ यांनी या तीन मिनिटांत राग उभा केला, त्याची थोरवी मराठी रसिकाला सांगावी लागत नाही. उत्स्फूर्ततेवर जगणाऱ्या कलेला घड्याळाशी तडजोड करावी लागली, आणि त्या तडजोडीतून एक नवा घाट निपजला. जॅझचेही तसेच झाले. रात्रभर लांबणारे वादन तीन मिनिटांत बसवताना प्रत्येक वादकाच्या वाट्याला काही मात्रा आल्या आणि त्या मात्रांत स्वतःची ओळख पटवणे भाग पडले. म्हणूनच एकाच धुनेचे दुसरे मुद्रण सापडले की जॅझचा संग्राहक हरखून जातो. दोन्हींतील एकल वादन वेगळे असते. एकच बंदिश दोन मैफलींत ऐकण्यासारखेच हे. हिंदी चित्रपटगीताच्या तबकडीत ही मुदत आणखी आक्रसते. वादकाला उरतात दोन ओळींमधल्या काही मात्रा, त्याही बहुधा लिहून दिलेल्या. त्या लिहून दिलेल्या मात्रांत कोणी स्वतःचे काही मिसळले का, हा प्रश्न जॅझचा आहे, आणि त्याचे उत्तर मिळवण्यासाठी चित्रपटगीताची तबकडी हवी. दोन्ही याद्या एका टेबलावर आल्याशिवाय हे व्हावयाचे नाही.

टेबल आणि जागा

टेबल हा शब्द येथे शब्दशः घ्यावा लागेल. लाखेच्या एका तबकडीचे वजन सुमारे दोनशे ग्रॅम. हजार तबकड्या म्हणजे दोन क्विंटल. त्या आडव्या रचल्या तर खालच्या तडकतात, म्हणून उभ्या ठेवाव्या लागतात. तशा ठेवल्या तर तीन-साडेतीन मीटर लांबीची मजबूत फळी अडते. ऊन आणि बुरशी यांपासून जपणे वेगळेच. गेल्या काही दशकांत गिरगाव, दादर, परळ येथील चाळींतून मराठी कुटुंबे उपनगरांत सरकली. गोरेगाव-मालाडच्या पूर्वेस दिंडोशीच्या टेकडीभोवती झालेली वस्ती हे या स्थलांतराचे ठळक उदाहरण. मृणाल गोरे व त्यांच्या सहकाऱ्यांच्या नागरी निवारा परिषदेने तेथे सामान्य उत्पन्नाच्या हजारो कुटुंबांना हक्काचे घर मिळवून दिले. त्या घरांत माणसे नीट मावली. दोन क्विंटल लाख मावणे अवघड होते. आजोबांच्या पेटीतील तबकड्या अशा स्थलांतरात पहिल्यांदा कमी होतात आणि इमारतीच्या पुनर्विकासाच्या वेळी दुसऱ्यांदा. नाट्यसंगीताची निवडक तबकडी घरच्यांच्या ममत्वामुळे वाचते. तिच्या शेजारची, कोणा पाहुण्याने कधी तरी दिलेली ‘इंग्रजी बाजाची’ तबकडी प्रथम रद्दीच्या गाड्यावर चढते, कारण घरात ती कोणाचीच नसते. चोरबाजारात पोहोचली तर तिचे नशीब. काळा घोड्याचे ‘रिदम हाउस’ २०१६ मध्ये बंद झाल्यापासून या शहरात रेकॉर्डच्या दुकानात उभ्याउभ्या रंगणाऱ्या गप्पांचे एक मोठे ठिकाणही गेले.

याच दिंडोशीच्या अंगाला १९७७ पासून चित्रनगरी उभी आहे. ज्या चित्रपटव्यवसायाने या वादकांना पोसले आणि निनावीही ठेवले, त्याची ही आजची वसाहत. तिच्या परिसरातील महाविद्यालयांना दोन क्विंटलांची जबाबदारी पेलणार नाही, हे मान्य. नोंद पेलेल. घरोघरी उरलेल्या तबकड्यांचे लेबल छायाचित्रित करणे, कडेवरचा साचाक्रमांक भिंगाने वाचणे, एकदा योग्य सुईने वाजवून ध्वनी उतरवून घेणे, ही कामे इतिहास, संगीत, भौतिकशास्त्र आणि ग्रंथालयशास्त्र या चारही विभागांच्या विद्यार्थ्यांना एकत्र करता येण्याजोगी आहेत. कायद्याचीही मोठी आडकाठी नाही: भारतीय कायद्यानुसार ध्वनिमुद्रणावरील स्वामित्वहक्क प्रसिद्धीनंतर साठ वर्षे टिकतो, त्यामुळे १९३० ते १९५० च्या दशकांतील मुद्रणे त्या बंधनातून मोकळी झाली आहेत, मूळ स्वररचना व शब्द यांचा हक्क मात्र रचनाकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षे राहतो, तेवढे प्रत्येक वेळी तपासावे लागेल.

नोंदपत्रकात मात्र साथीदारांचा रकाना पहिल्या दिवसापासून हवा, आणि तो रिकामा सोडण्याऐवजी ‘ट्रम्पेट : अज्ञात’, ‘ट्रम्पेट : चिक चॉकलेट (?)’ असे त्यात लिहिले जावे. सुरुवात ‘अलबेला’च्या तबकड्यांपासून करता येईल. त्यांच्या शेजारी चिक चॉकलेट यांच्या स्वतःच्या वाद्यवृंदाच्या तबकड्या ठेवाव्यात, दोन्ही एकाच यंत्रावर, एकाच सुईने, एकाच गतीने वाजवाव्यात, आणि ऐकणाऱ्यांपैकी निम्मे जॅझचे असावेत, निम्मे सी. रामचंद्रांचे.